नव्या भागात आलोय, ट्राउटचे ओढे शोधायचे कसे?

दगडवाट

नमस्कार मंडळी. नोकरीच्या निमित्ताने बिऱ्हाड हललं आणि ट्राउट या गार पाण्यातल्या माशाचा जुना ओढा सुटला. तो ओढा मला एका जुन्याजाणत्या माणसाने दाखवला होता. कुठल्या डोहात मासा सकाळी वर येतो, कुठल्या दगडाआड दबा धरून असतो, सगळं आयतं मिळालं. फ्लाय (किड्यासारखा दिसणारा गळ) टाकता येते, गाठी जमतात, समोरचं पाणी थोडंफार कळतं. पण कोऱ्या नकाशावरून ओढा हुडकून काढायची वेळ आजवर कधी आली नव्हती.

इथली भौगोलिक परिस्थिती अशी: एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सपाट शेती, मध्ये एक मोठं धरण. गाडीने दोन तासांच्या टापूत निळ्या रेषाच रेषा आहेत. या भागात ट्राउट आहे हे नक्की, परवान्यासोबतच्या नियमावलीतच तसं लिहिलंय. पण नेमकी कुठल्या रेषेत? प्रत्येक ओढ्यावर जाऊन गळ टाकत बसलो तर निवृत्तीनंतरही काम पुरून उरेल.

कुणाच्या ठेवणीतल्या जागा मागत नाहीये. शोधायची रीत हवी आहे. थंडी नुकती ओसरतेय, हंगाम उघडायला अवकाश आहे, म्हणजे अभ्यासाला वेळ आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सावकाश

वाचतोय. प्रतिसाद भरपूर यावेत ही इच्छा.

गारपाणी

रॉड सध्या कोपऱ्यात राहू दे. आधी एक साधा पाण्यात बुडवता येणारा थर्मामीटर घ्या. चेष्टा करत नाहीये. ट्राउटचा सगळा संसार पाण्याच्या तापमानावर चालतो. साधारण १० ते १६ अंश सेल्सियसला तो खुशीत असतो, खातो, वाढतो. १८-१९ च्या वर कुरकुर सुरू होते. २५ च्या आसपास बराच वेळ राहिलं तर जगणंच कठीण. त्याच्या जातींत ब्राउन थोडा सोशिक, ब्रुक ट्राउट सर्वांत नाजूक.

कारण सरळ आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या थोडा वर, २० अंशांना जेमतेम ९. आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या शरीराची भूक वाढलेली असते. आवक घटते आणि खर्च वाढतो.

आता यातली खरी मेख. तुम्ही थंडीच्या शेवटाला आलात. या दिवसांत झाडून सगळे ओढे गार असतात, गावाबाहेरचं गटारसुद्धा. आज मोजून काहीच कळणार नाही. ओढ्याची परीक्षा होते ती वर्षातल्या सर्वांत उकाड्याच्या दिवसांत, दुपारी चारच्या सुमाराला, पाऊस नसताना. त्या वेळी जो ओढा १७ च्या खाली राहिला तो तुमचा. बाकीचे कितीही देखणे असोत, सोडून द्या. मोजताना काठाच्या साचलेल्या पाण्यात नाही, वाहत्या धारेत, सावलीत, मिनिट-दोन मिनिटं धरून.

दगडवाट

म्हणजे उन्हाळ्यापर्यंत हात बांधून बसायचं?

गारपाणी

नाही हो. थंडीतही एक खूण मिळते, उलट्या बाजूने. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचं तापमान त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, बारा महिने जवळपास तेवढंच असतं. त्यामुळे झऱ्यांवर पोसलेला ओढा उन्हाळ्यात गार लागतो आणि कडक थंडीत आसपासच्या ओढ्यांपेक्षा उबदार. अजून एखादी गोठवणारी पहाट मिळाली तर पुलापुलावरून चक्कर मारा. ज्या ओढ्यावर वाफ तरंगतेय, काठाला बर्फाची कड धरलेली नाही, पाण्यात हिरव्या वनस्पती आहेत, त्याच्या पोटात झरे आहेत. त्यांची यादी करा. पाणकोथिंबिरीसारखा वॉटरक्रेस दिसला तर खूण पक्की समजा.

रेषाबहाद्दर

गारपाणी यांना अनुमोदन. पण थर्मामीटर घेऊन निघण्याआधी घरबसल्या निम्मी चाळणी होते. थोडं सविस्तर लिहितो, नकाशा हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा घ्या, १:५०,००० चालेल. ओढ्याची निळी रेषा समोच्च रेषांना कुठे कुठे कापते ते बघा. समजा ४ सेंटिमीटरच्या अंतरात, म्हणजे प्रत्यक्षात २ किलोमीटरमध्ये, २० मीटरच्या तीन पायऱ्या उतरल्या. ६० मीटर उतार, म्हणजे ३ टक्के. हा ओढा तुमच्या कामाचा. १-२ टक्क्यांपर्यंत डोह, खळाळ, पुन्हा डोह अशी रचना मिळते. ३ ते ८ मध्ये दगडांच्या पायऱ्या आणि पायरीखाली घागरीएवढे डोह. त्याच्या वर नुसता धबाबा, मासा असला तर बोटभर. आणि सपाट शेतीतून रेंगाळणारी, काठाला झाड नसलेली रेषा? झऱ्यांचा पुरावा नसेल तर तिच्यावर फुली.

मग उपग्रहाची चित्रं. त्यात मी तीन गोष्टी बघतो. एक म्हणजे सावली. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे उतरणाऱ्या बाजूवर ऊन कमी, बर्फ उशिरापर्यंत टिकतं, झाडी दाट. दुसरं, कोरड्या महिन्यातलं जुनं चित्र काढून पाणी सलग दिसतंय की मध्येच गडप होतंय ते तपासतो. तिसरं, पात्रात पांढरे फेसाचे ठिपके दिसतात का. ठिपके म्हणजे खळाळ, खळाळ म्हणजे हवा मिसळलेलं पाणी आणि किड्यांचं घर.

आता जे फारसं कुणी करत नाही ते. भूगर्भाचा नकाशा समोच्च नकाशावर ठेवा. चुनखडीतून किंवा चॉकमधून (मऊ, पांढऱ्या चुनखडीतून) येणारं पाणी क्षारयुक्त असतं. त्यात वनस्पती, गोगलगायी, किडे, गोड्या पाण्यातले झिंगे यांची रेलचेल, आणि मासा भराभर वाढतो. इंग्लंडच्या हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्या ट्राउटसाठी नावाजल्या त्या या चॉकमुळेच. ग्रॅनाइटवरून येणारं पाणी काचेसारखं नितळ पण उपाशी, मासे भरपूर आणि वीतभर. दोन ओढे शेजारी शेजारी असून एकात वीतभर आणि दुसऱ्यात हातभर मासा का, याचं उत्तर बहुतेक वेळा खडकात असतं.

धबधबे नकाशावर ठळक करून ठेवा. उंच धबधबा म्हणजे माशाला वर चढायला मज्जाव. त्याच्या वरचा भाग एक तर रिकामा असतो, नाहीतर तिथे फार जुनी, इतरांपासून तुटलेली वस्ती असते.

थेटभेट

केवढा हा खटाटोप! गळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात जा, एखादी फ्लाय विकत घ्या, विचारा. दहा मिनिटांत काम फत्ते. नकाशावर पट्टी घेऊन बसायला हा काही अभियांत्रिकीचा पेपर नाही.

रेषाबहाद्दर

जरूर विचारा. पण दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला तीच जागा सांगणार जी तो सगळ्यांना सांगतो. शनिवारी सकाळी तिथे काठावर उभं राहायला जागा नसते. ते उत्तर खोटं नसतं, पण ते पहिल्या पानाचं उत्तर असतं.

थेटभेट

नवीन माणसाला पहिलं पान तरी हवंच की. शिवाय दुकानात प्रश्न कसा विचारता यावर आहे. "मासा कुठे मिळेल" विचारलंत तर सगळ्यांना मिळतं ते उत्तर. "मी या या चार ओढ्यांवर जाऊन आलो, यातला हा उन्हाळ्यात टिकतो का" असं विचारलंत तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो.

काठावरची

थेटभेट यांचं शेवटचं वाक्य लाख मोलाचं.

मी किड्यांबद्दल लिहिते, कारण तो पुरावा बाराही महिने ओढ्यातच पडलेला असतो. थर्मामीटर त्या क्षणाचं सांगतो. दगडाखालचा किडा वर्षभराचं सांगतो, कारण तो वर्षभर तिथेच राहिलेला असतो.

खळाळात उतरा, घोट्याएवढ्या पाण्यात. ताटलीएवढा, खाली थोडी पोकळी असलेला दगड निवडा आणि हलकेच उलटा. पहिले काही क्षण काहीच दिसत नाही, नुसता ओला दगड. मग दगडाचाच एक कण चालायला लागतो. चपटं शरीर, पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले, बहुधा तीन शेपट्या: ही मेफ्लायची अळी. पोटाच्या कडेला कल्ले नाहीत, शेपट्या दोनच, प्रत्येक पायाला दोन नख्या आणि चालणं जरा रुबाबदार: ती स्टोनफ्लाय. आणि वाळूचे कण, काटक्या चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी दगडाला चिकटलेली दिसली तर आत कॅडिसची अळी आहे. नळी थोडा वेळ तळहातावर ठेवलीत तर डोकं बाहेर काढून ती चालू लागते, घर ओढत.

या तिघांत स्टोनफ्लाय सर्वांत चोखंदळ. तिला गार, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, जरा बिघाड झाला की ती पहिली नाहीशी होते. ती भरपूर दिसली तर ट्राउटला लागणारं पाणी तिथे आहे. नुसते लाल किडे, जळवा आणि बुळबुळीत शेवाळ असेल तर परत फिरा, उन्हाळ्याची वाट बघायची गरज नाही.

दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. खालची बाजू वर आली तर त्यावरची बरीच वसाहत मरते.

जुना गळकरी

वरच्या सगळ्या प्रतिसादांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की पाणी योग्य म्हणजे मासा आहेच. हे ट्राउटच्या मूळ मुलखात बऱ्याच अंशी खरं. ब्राउन मूळचा युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या काही भागातला. रेनबो उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा आणि पलीकडच्या कामचात्काचा. बाकी जगात तो दिसतो तिथे कुणीतरी नेऊन सोडलाय म्हणून दिसतो.

थोडं अवांतर, पण गंमतशीर आहे. १८६४ साली नॉरफोक नावाच्या जहाजातून इंग्लंडहून टास्मानियाला अंडी पाठवली, शेवाळात गुंडाळून, बर्फाच्या कोठीत, विषुववृत्त ओलांडून. खरा बेत सामन (सॅल्मन) मासा रुजवायचा होता, ट्राउटची थोडी अंडी सोबत होती. सामन समुद्रात गेला तो परतलाच नाही. ट्राउट मात्र रुजला, आणि तिथून १८६७ मध्ये न्यूझीलंडला पोचला. आपल्याकडे काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास आणि कुलू खोऱ्यात १९०९ मध्ये तो असाच आणला गेला.

मुद्दा हा की अशा मुलखात शेजारशेजारच्या दोन सारख्याच ओढ्यांत एकात मासा आणि दुसऱ्यात शून्य असू शकतं, केवळ दुसऱ्यात कुणी सोडला नाही म्हणून. तेव्हा मत्स्यविभागाची कागदपत्रं बघायलाच हवीत. कुठे, कधी, किती बीज सोडलं याच्या याद्या बऱ्याच ठिकाणी जाहीर होतात. काही विभाग पाण्यात विजेचा सौम्य झटका देऊन मासे मोजतात आणि त्याचे अहवाल ठेवतात. वाचायला रुक्ष, पण लहान मासे किती सापडले ते आकडे शोधा. बोटाएवढी पिल्लं आहेत म्हणजे मासा बहुधा तिथेच वितो आणि जगतो. सगळे एकाच मापाचे मोठे असतील तर ते बहुधा टाकीतून सोडलेले.

हातात आलेल्या माशावरूनही कळतं. सिमेंटच्या हौदात वाढलेल्याचे पर बऱ्याचदा घासून बोथट झालेले असतात. ओढ्यातल्याचे पर कडेपर्यंत धारदार.

दगडवाट

एवढं आयतं ज्ञान मिळेल असं वाटलं नव्हतं. पिल्लांच्या आकड्याचा मुद्दा डोक्यातच नव्हता आला. धरणाबद्दल कुणी बोललं नाही अजून. धरणाखालच्या नदीत काही अर्थ आहे का? पलीकडे सगळी सपाट शेती, म्हणून मी ती बाजू सोडून दिली होती.

गारपाणी

सोडू नका! आधी हे शोधा की धरणातून पाणी वरून सुटतं की तळातून.

पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे खोल जलाशयाच्या तळाशी उन्हाळ्यातही गार पाणी दबून राहतं. दरवाजा तळाशी असेल तर ते पाणी खाली नदीत येतं आणि भर उन्हाळ्यात, सपाट मुलखात, ट्राउटची नदी तयार होते. अमेरिकेत आर्कान्सामध्ये व्हाइट नदीवर १९५१ च्या सुमारास बुल शोल्स धरण झालं आणि कोमट पाण्यातल्या मूळच्या माशांची ती नदी धरणाखाली ट्राउटची झाली. त्याच राज्यात लिटल रेड नदीवर धरणाखालच्या पाण्यात १९९२ मध्ये १८ किलोंहून जास्त वजनाचा ब्राउन मिळाला, त्या वेळचा तो जागतिक विक्रम होता. वरून सांडणारं धरण असेल तर मात्र उलटं: तापलेला वरचा थर खाली येतो आणि खालची नदी आधीपेक्षा बिघडते.

काठावरची

धरणाखाली जाणार असाल तर एक विनंती. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते, आणि तुम्ही मध्यावर कंबरभर पाण्यात असता. पाणी सोडायचं वेळापत्रक आधी बघा. पात्रात उतरण्यापूर्वी काठावरचा एखादा अर्धा ओला, अर्धा कोरडा दगड लक्षात ठेवा आणि मधूनमधून त्याच्याकडे नजर टाका. कोरडी बाजू बुडाली की फ्लाय तशीच सोडून काठ गाठायचा. भोंगा वाजायची वाट बघायची नाही.

वाटसरू

सगळं छान, पण एवढ्या लांब प्रतिसादांपेक्षा ज्यांना त्या भागातले ओढे माहीत आहेत त्यांनी सरळ नावं टाकली तर धागाकर्त्याचं काम आजच होईल. ज्ञान वाटल्याने वाढतं म्हणतात ना?

जुना गळकरी

ज्ञान वाढतं, मासा कमी होतो.

वाटसरू

म्हणजे तुम्ही खाल्लं की संपलं? नवीन लोकांनी यायचंच नाही?

जुना गळकरी

तसं नाही. मोठी नदी, धरणाखालचं पाणी, जिथे दरवर्षी बीज सोडतात तो टप्पा, ही नावं खुशाल सांगा, सांगतोच आम्ही. गार, अरुंद, ग्रॅनाइटच्या ओढ्याचं गणित वेगळं आहे. तिथे मासा सावकाश वाढतो. दोन उड्यांत ओलांडता येईल अशा ओढ्यात एका डोहात मोठे म्हणावे असे दोन-तीनच असतात. त्याचं नाव इंटरनेटवर कायमचं राहतं, आणि वाचणारे हजारो. एका उन्हाळ्यात काठ तुडवून सपाट होतात. शिवाय रीत शिकलेला माणूस पुढच्या बदलीच्या गावातही ओढा शोधेल. नाव घेऊन गेलेला पुन्हा इथे येऊन नाव मागेल.

थेटभेट

या बाबतीत मी जुना गळकरी यांच्या बाजूने. व्यनित (खासगी निरोपात) सांगणं वेगळं, चव्हाट्यावर वेगळं. आणि व्यनितही माणूस पारखूनच.

वाटसरू

पटलं असं नाही, पण मुद्दा समजला.

सावकाश

एक शंका. ओढा नकाशावर सापडला, किडे आहेत, गारवा आहे, पण तो कुणाच्या तरी शेतातून जात असेल तर? पाणी तर सगळ्यांचं असतं ना?

रेषाबहाद्दर

असतंच असं नाही, आणि इथे देशागणिकच काय, राज्यागणिक कायदा बदलतो. अमेरिकेतल्या मोंटानात १९८५ पासून कायदा आहे की सार्वजनिक ठिकाणाहून पात्रात उतरलात तर पाणी नेहमी जिथवर चढतं त्या रेषेच्या आत राहून खासगी जमिनीतूनही मासेमारी करत जाता येतं. जवळच्याच कोलोरॅडोत नदीचा तळ जमीनमालकाचा असू शकतो, तिथे पाय टेकवणं म्हणजे घुसखोरी. इंग्लंडमध्ये मासेमारीचा हक्कच काठाच्या जमिनीला जोडलेला, तो विकता येतो, भाड्याने देता येतो. म्हणून परवाना हातात आहे एवढ्यावर कुंपण ओलांडू नका. परवाना मासा धरायचा असतो, जमिनीवर चालायचा नसतो.

बाकी, दार वाजवून विचारण्याइतका सोपा उपाय नाही. दुपारी, हातात रॉड न घेता, एकट्याने जा. फाटक बंद होतं तर बंद ठेवीन, गाडी इथे उभी करीन, मासा परत सोडीन, असं आपणहून सांगा. शेतकऱ्याला माशाची फारशी पडलेली नसते, उघड्या राहिलेल्या फाटकाची असते.

दगडवाट

मंडळी, उकाडा सुरू झालाय, तेव्हा हिशोब द्यायला आलो.

नकाशावरून यादी काढली, उतारावर आणि सावलीवर चाळली, मत्स्यविभागाचे अहवाल वाचले. मग दुपारी उशिरा थर्मामीटर घेऊन फिरलो. सर्वांत देखणा ओढा, ज्याच्यावर माझं मन बसलं होतं, तो २२ अंश निघाला. वर कुठेतरी झाडी तोडून मोकळं माळरान केलंय, उपग्रहाच्या जुन्या चित्रात ते नव्हतं. आणि रस्त्याच्या कडेचा, नाव विचारावं असंही न वाटणारा एक ओढा १३ वर. विश्वास बसेना म्हणून वर चालत गेलो. एका वळणाला काठाच्या मातीतून बुडबुडे येत होते, हात घातला तर कळ येईल इतकं गार. त्या जागेच्या वर १९ आणि खाली १३. अंतर चार पावलांचं. दगडाखाली दोन शेपट्यांवाल्या बाई मुबलक.

नदीचे प्रवाहाचे आकडेही बघितले. जलविभाग रोज जाहीर करतो. पावसानंतर इतर ओढ्यांची रेघ सुळक्यासारखी वर जाऊन खाली येते, हा ओढा ज्या नदीला मिळतो तिची मात्र जेमतेम हलते. म्हणजे तिलाही झऱ्यांचाच आधार असणार.

मासे आहेत. दिसले. पण मी काठावर पोचलो की सावल्या सुटतात चारी बाजूंना. जुन्या ओढ्यावर असं होत नसे, तिथे पाणी खळखळतं होतं. यावर उपाय?

काठावरची

अभिनंदन! झऱ्याचा ओढा म्हणजे नितळ आणि संथ, तिथे हे होणारच. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालून वर चालत या, त्याच्या पाठीमागून. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश वाकत असल्याने क्षितिजालगतचं सगळं त्या खिडकीच्या कडेला दाबून बारीक होतं. त्यामुळे तुम्ही जितके बुटके तितके अदृश्य. गुडघ्यावर या, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहू नका, सावली पाण्यात पडू देऊ नका. पावलंही हलकी ठेवा, मऊ काठाची थरथर त्याला डोळ्यांआधी जाणवते.

पहिली फ्लाय डोहाच्या शेपटाला. तिथे उभा असलेला छोटा मासा उधळला तर तो वरच्या सगळ्यांना उठवत जातो.

गारपाणी

आणि उकाडा आहे तोवर थर्मामीटर खिशातच असू द्या. तुमचा ओढा १३ चा आहे, ठीक. पण जिथे पाणी २० ला टेकलं तिथे त्या दिवशी गळ टाकू नका. मासा लढतो, सुटतो, पोहत जातोही, आणि नंतर मरतो. मोंटानात पाणी सलग तीन दिवस साधारण २३ अंशांना पोचलं की दुपारी दोननंतर मासेमारी बंद ठेवतात. नियम नसलेल्या ठिकाणी तो आपण आपल्यावर घालून घ्यायचा. पहाटे जा, बाराच्या आत घरी. हात ओले करूनच मासा धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

थेटभेट

बुटांचं कुणी बोललं नाही. आता तुम्ही एका ओढ्यातून दुसऱ्यात थर्मामीटर घेऊन फिरताय, तेव्हा बुटांच्या तळव्यातून शेवाळ आणि रोगही फिरतात. न्यूझीलंडमध्ये २००४ मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, तळाच्या दगडांवर ओल्या लोकरीसारखी जाड गादी धरतं ते. २००८ मध्ये तिथे फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळव्याचे बूट बंद केले, कारण फेल्ट लवकर वाळत नाही. रबरी तळवा घ्या, घासून धुवा, खडखडीत वाळू द्या. दोन जोड असले तर उत्तमच.

दगडवाट

रबरीच आहेत. आता वाळवायची सवय लावून घेतो. शेवटचा प्रश्न, मग धागा थांबवायला हरकत नाही. त्या झऱ्याच्या जरा खाली तळाला बारीक खडी आहे, वाटाण्यापासून लिंबाएवढी, एकदम स्वच्छ. मत्स्यविभागाच्या अहवालात तो टप्पा ब्राउनचा म्हटलाय. शरद ऋतूत तिथे जावं का?

जुना गळकरी

जा, पण पाण्यात उतरू नका. ब्राउन शरदात वितो आणि अशाच खडीत, जिथे खालून पाणी झिरपतं. मादी शेपटीने खडी उकरून अंडी घालते आणि वरच्या खडीने झाकते. बाकी तळ शेवाळलेला, काळपट असतो आणि मध्येच फिकट, धुतल्यासारखा लांबट गोल डाग दिसतो. तेच घरटं. अंडी आणि पिल्लं त्या खडीत कित्येक महिने असतात, वसंतापर्यंत. त्यावर एक पाऊल पडलं तरी बरीच चिरडतात. तुमच्या भागात त्या काळात हंगाम बंद असेल तर प्रश्नच नाही. चालू असेल तरी तो टप्पा काठावरून बघावा. रेनबो असता तर हेच वसंतात.

दगडवाट

ठीक. तो टप्पा शरदापासून वसंतापर्यंत वर्ज्य, नकाशावर तसं लाल पेनाने लिहून ठेवलं. खाली धरणाकडचं पाणी तळातून सुटतं हे कार्यालयात फोन करून विचारून घेतलंय, तेवढे महिने तिकडे बघतो. सर्वांचे आभार. ज्यांनी व्यनित विचारलंय त्यांना सावकाश उत्तरं देतो. ओढ्याचं नाव मात्र त्यातही नसेल.

वाटसरू

मलाही नाही?

दगडवाट

तुम्ही आधी थर्मामीटर घ्या.